आधी एसटी बघा, मग रेल्वे

पोरांनो, आपल्या कळवणला रेल्वे नाही. देवळा, भावडबारी, चांदवड करत लासलगाव गाठावं तेव्हा कुठे रूळ दिसतो. आपला रेल्वेप्रवास एसटी स्टँडवरच सुरू होतो, त्या हिशेबाने निघा.

एक एसटी हुकली तरी गाडी सापडेल, अशी बस धरा. कांद्याच्या हंगामात लासलगावच्या रस्त्याला ट्रॅक्टर-पिकअपची रांग लागते. तेव्हा आणखी तासभर हाताशी ठेवा.

घर सोडण्याआधी १३९ वर विचारा. गेल्या वर्षी थांबणारी गाडी यंदा थांबेलच असं नाही.

जनरलचं तिकीट सकाळीच काढून संध्याकाळसाठी खिशात ठेवू नका. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढलं की ३ तासांत किंवा पुढच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो.

मेमूचं साधं तिकीट घेऊन पंचवटीत चढू नका. ती सुपरफास्ट आहे, तिला जादा पैसे पडतात. टीसीशी हुज्जत घालून दंड टळत नाही.

मुंबईकडे जाणारी ‘अप’, मनमाडकडची ‘डाऊन’. फलाट कुठला, ते तिकीट काढतानाच विचारा. पुलावरूनच पलीकडे जा. छोट्या स्टेशनातून मेल आणि मालगाड्या न थांबता सुसाट जातात. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. दंड १,००० रुपयांपर्यंत, कैद ६ महिन्यांपर्यंत.

गाडी जेमतेम मिनिट-दोन मिनिटं थांबते. आधी म्हातारं माणूस चढवा, मग पिशव्या. सामान दोन हातांत मावेल एवढंच न्या. उतरायचं स्टेशन यायच्या आधी दाराशी या. नाशिकरोडहून येताना निफाड, उगाव मागे पडलं की लासलगाव आलंच समजा.

मुंबईहून येताना उशीर झाला तर लासलगावपर्यंत ताणू नका. नाशिकरोडला उतरून शहरातल्या स्टँडवर जा, दिंडोरी-वणीमार्गे कळवणची बस बघा. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेमुळे त्या बसला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दिवसाउजेडीच पोहोचेल अशी गाडी निवडा.

आणि परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, हे जाण्याआधीच विचारून ठेवा.