किरायाची खोली : पाचवीच्या वर्गातला एक पाठ



जून महिना जवळ आला की आमच्या भागात घरोघरी एकच विषय असतो, खोली. दहावी झाली की लेकराला लातूरला नाहीतर नांदेडला क्लासला ठेवायचं, आणि त्यासाठी किरायाची खोली शोधायची. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे ताई-दादा असे खोलीवर राहतात. म्हणून यंदा बाबासाहेबांच्या जयंतीच्या आठवड्यात पाठ केलेली भाषणं बाजूला ठेवली आणि फळ्यावर दोन पत्ते लिहिले. एक, बडोदा, १९१७. दुसरा, १०, किंग हेन्रीज रोड, लंडन, १९२१-२२.

आधी बडोदा. बाबासाहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला शिकून आलेले, आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आलेले. नोकरी होती, राहायला जागा नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. जेवणासह रोजचा दर दीड रुपया. वरच्या मजल्यावर ते एकटेच. रात्री उजेडाला एक कंदील, आणि अंधारात फडफडणारी वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघणार तेवढ्यात डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली. दोन ओळखीच्यांकडे विचारून पाहिलं. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. मग बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत गेले. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलंय. शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आहे, शिक्षकांनी मुळातून वाचावं.

इथं एका मुलानं हात वर केला. “मॅडम, मग बाबासाहेबांनी खोटं नाव का सांगितलं? खोटं बोलू नये म्हणतेत ना?”

खरं सांगते, याचं उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. मी विचार करत उभी होते, तोवर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “खरं नाव सांगितल्यावर खोली देतच नव्हते की रे. मग झोपावं कुठं?” मी तेच फळ्यावर लिहिलं.

आता लंडन. १९२० साली ते पुन्हा गेले. थोडी स्वतःच्या पगारातली शिल्लक, थोडं मित्राकडून कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत. (लातूरचं शाहू कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते हेच महाराज, हे मुलांना जरूर सांगा. बहुतेकांना कॉलेजच माहीत असतं.) लंडनमध्येही काही चैन नव्हती. धनंजय कीरांच्या चरित्रात त्यांची घरमालकीण फार कडक म्हणून येते. खायला-प्यायला पावाचा तुकडा, थोडा मासा, कपभर बोव्हरिल. ते म्हणजे गोमांसाच्या अर्काचं गरम पेय. मग दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड. पण त्या खोलीवरून कुणी काठ्या घेऊन हाकलायला आलं नाही, आणि अभ्यास पुरा झाला. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. किंग हेन्रीज रोडवरचं ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनानं विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे.

गणितही होऊन गेलं : दिवसाला दीड रुपया, तर दहा दिवसांचे किती? पण मुलांना जास्त रस पापडात होता. “आमची ताईबी खोलीवर पापड-चटणीच खाती,” असं तिघांनी सांगितलं.

एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही, ती इथं लिहिते. डी.एड.ला असताना मी आणि माझी मैत्रीण खोली बघायला गेलो होतो. दोघींत एक खोली, तेवढाच किराया वाचेल. घरमालकीण चांगली बोलली, पाणी दिलं, मग आडनावं विचारली. माझं ऐकून मान हलवली. तिचं ऐकून म्हणाली, “अरे हो, खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय.” दुसऱ्या दिवशी मला एकटीला निरोप आला, खोली आहे म्हणून. मी गेले. दोन वर्षं राहिले त्या खोलीत. मैत्रीण रोज एसटीनं गावाहून ये-जा करायची, पहिल्या तासाला उशीर झाला की बोलणी खायची. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

स्वाध्याय एवढाच दिला : तुम्ही घरमालक आहात, दारात विद्यार्थी आला, त्याला काय विचाराल? वह्यांत आलं ते असं : कोणत्या गावचा, जेवलास का, रात्री लाईट किती वाजता बंद करणार, मोबाईल जास्त बघतो का. काहींनी “आडनाव काय” असंही लिहिलं. मी त्याखाली लाल शेरा मारला नाही, फक्त “कशासाठी?” असं लिहून वही परत दिली.

चार दिवसांनी एका पालकांचा फोन आला. त्यांच्या नांदेडच्या घरात दोन खोल्या किरायानं असतात. “मॅडम, पोरगं मलाच विचारालंय, आडनाव कशासाठी इचारता म्हणून. काय सांगू?” मी म्हटलं, जे खरं आहे ते सांगा. ते थोडं थांबले, मग शिष्यवृत्तीच्या निकालाचं विचारू लागले.