यंत्राचा ज्वर

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर खांबावरील बंद पेटीत, कॅमेऱ्याच्या साहाय्याने वाहने मोजणारा ‘रास्पबेरी पाय ४’ हा छोटा संगणक बसविला आहे, असे समजा. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात त्या यंत्राची प्रकृती कशी जाणावी?

त्याच्या चिपमध्येच एक सूक्ष्म तापसंवेदक घडविलेला असतो. सामान्य आज्ञावलीला त्याच्याशी थेट व्यवहार करता येत नाही. तो अधिकार कर्नलचा, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा होय. कर्नल संवेदकाचे माप घेतो आणि ते एका फाइलीच्या रूपाने सर्वांपुढे ठेवतो. ‘/सिस/क्लास/थर्मल/थर्मल_झोन०/टेम्प’ ही ती फाइल. तीत ६२३०० हा आकडा दिसल्यास दचकू नये. तो अंशाच्या सहस्रांशांत असतो. हजाराने भागिले की ६२.३ अंश मिळतात.

मात्र हे तापमान चिपचे असते, रस्त्यावरील हवेचे नव्हे. ते ८० अंशांपलीकडे गेले की यंत्र आपली गती आपणच कमी करते. मग काही वाहने मोजावयाची राहून जातात आणि तक्ता पाहणाऱ्यास वाटते, रस्ताच ओस पडला! म्हणून प्रत्येक मोजणीशेजारी चिपचे तापमानही नोंदवावे.