भाट्ये खाडीबाहेरील एक सायंकाळ

रत्नागिरीस राहून समुद्र न पाहिलेला विद्यार्थी मिळणार नाहीं. परंतु समुद्रावरून रत्नागिरी पाहिलेले विद्यार्थी आमच्या वर्गांत फारच थोडे निघाले. म्हणून कार्तिक वद्य अष्टमीस चार मुलांना बरोबर घेऊन आम्ही राजिवड्याच्या एका तांडेलाच्या होडींतून गळानें मासे धरण्यास गेलों. मासे किती मिळाले यापेक्षां आमचा हिशेब कोठें चुकला, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

हिशेब भरतीचा होता. कोकणांतील जुनी रीत अशी कीं, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासें निघते. ८ ची पाऊणपट ६. म्हणजे अष्टमीस पूर्ण भरती सुमारें ६ वाजतां, आणि तेथून सहा तासांहून किंचित् अधिक वेळानें पूर्ण ओहोटी. चंद्र प्रत्यहीं सुमारें ५० मिनिटें उशिरा माथ्यावर येतो व भरतीहि त्याच्यामागोमाग तितकीच सरकते; त्या ५० मिनिटांची लोकांनीं सोयीसाठीं ४५ केलीं, इतकेंच. पौर्णिमेस व अमावास्येस चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेंत येऊन उधाण येतें. अष्टमीस ती एकमेकींस आडवी पडते. त्यामुळें पाणी फारसें चढत नाहीं आणि फारसें उतरतहि नाहीं. यास भांग म्हणतात. भांगाचा दिवस म्हणजे निर्धास्त दिवस, असें आम्हीच वर्गांत सांगितलें होतें.

४ वाजतां निघालों, तेव्हां भरतीचें पाणी खाडींत शिरत होतें आणि खारा वाराहि समोरूनच येत होता. तांडेल व त्याचा मुलगा वल्हीं मारून घामाघूम झाले. काजळी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें वाळूचा उंचवटा साचतो. त्यावरून जातांना तांडेलानें वल्हें उभें बुडवून तळ चांचपला आणि म्हटलें, "मास्तर, दिवेलागणीला परत फिरायचं. मग इथं पाणी भांडतं." हा शब्दप्रयोग आम्हांस गमतीचा वाटला, त्याचा अर्थ मात्र आम्ही विचारिला नाहीं.

बाहेर येतांच उत्तरेस रत्नदुर्ग व त्याजवळचें दीपगृह, मागें मांडवीची काळी वाळू आणि दक्षिणेस भाट्याचें सुरूचें बन असा देखावा उघडला. गळांना सोललेली कोळंबी लावून दोऱ्या सोडल्या. पहिला पाऊण तास दोरी हललीसुद्धां नाहीं. गालील सरोवरावर रात्रभर कष्टून रिकाम्या हातांनीं परतलेल्या शिमोनाची गोष्ट एका मुलानें हळूच काढली, तेव्हां तांडेलहि हंसला.

सूर्य बुडाला आणि मासे गळास लागूं लागले. याचें कारण असें कीं, समुद्रांतील अतिसूक्ष्म प्राणी दिवसा खोल राहतात व अंधार पडतांच वर येतात. त्यांना खाणारे लहान मासे त्यांच्या मागें, आणि लहानांना खाणारे मोठे त्यांच्या मागें. प्रथम मुडदुशा आल्या. नंतर एक शिंगाळा आला. त्याच्या पाठीवरील व दोन्ही बाजूंच्या पंखांतील कांटे विषारी असतात, म्हणून तांडेलानें मुलांस हात लावूं न देतां ते प्रथम मोडून टाकिले. मग ढोमा. हा मासा फळीवर पडतांच गुरगुरूं लागला. त्याच्या पोटांत हवेची पिशवी असते आणि तिच्यालगतचे स्नायू थरथरले म्हणजे ती ढोलकीसारखी वाजते. मुलें अशीं रंगलीं कीं, तांडेलानें "आतां चला" म्हटलें तेव्हां "आणखी एक" असें सर्वांनीं एकदम उत्तर दिलें. आणि खरें सांगावयाचें तर त्यांत आमचाहि आवाज होता.

चंद्रोदयास मध्यरात्रीपर्यंत अवकाश होता. काळोख दाटला, तेव्हां दोरी ओढतांच पाण्यांत निळसर रेघ उमटूं लागली. नॉक्टिल्युका नांवाचे एकपेशी जीव पाणी ढवळलें कीं चमकतात. अंधाऱ्या रात्रीं माशांचे थवे कोठें हालत आहेत, हें या चमकेवरून कोळी ओळखतात. विजेचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या रीतीवर केंद्र सरकारनें २०१७ मध्यें बंदी घातली आहे. हा दिवा मात्र समुद्राचा स्वतःचा.

परत फिरावयास पावणेआठ झाले. खाडीच्या मुखाशीं पोहोंचलों तों समोर पांढरी रेघ दिसली व गर्जना ऐकूं आली. ओहोटीचा जोर तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत अधिक असतो. खाडीचें सारें पाणी अरुंद मुखांतून बाहेर धांवत होतें, समुद्राच्या लाटा त्याच्यावर चालून येत होत्या, आणि उथळ वाळूवर दोहोंची गांठ पडून त्या उभ्या फुटत होत्या. शिवाय भांगांत भरतीच कमी चढते, त्यामुळें उंचवट्यावर पाणी आधींच थोडें होतें. हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. मुलांच्या अंगांत लाईफ जॅकेटें होतीं, तरी कोणी बोलेना.

तांडेलानें क्षणभर पाहिलें आणि होडी मिरकरवाड्याकडे वळविली. तेथील बंदर दुर्गाच्या डोंगराच्या आडोशास असल्यामुळें लाटांचा त्रास नाहीं; पण वाट लांबची. खारा वारा केव्हांच पडला होता. वाटेंत जमिनीवरून धुराचा वास घेऊन गार झुळूक आली, तेव्हां "मतलई सुटली" असें तांडेलाचा मुलगा म्हणाला. आम्हीहि आळीपाळीनें वल्ह्यास हात लाविला. धक्क्यास लागलों तेव्हां ९ वाजून गेले होते.

इकडे राजिवड्यास चारहि मुलांचे पालक ७ वाजल्यापासून काळ्या पाण्याकडे पाहत उभे होते. आमचा मोबाईल, पाण्यानें बिघडेल म्हणून, आम्ही किनाऱ्यावरच ठेविला होता. तांडेलाच्या ओळखीच्या एका कोळ्यानें मिरकरवाड्याहून निरोप पोंचविला. पालक आले. एका मुलाचे आजोबा आम्हांस कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं तांडेलाचा हात मात्र बराच वेळ हातांत धरून ठेविला. तांडेल उद्यां भरतीस होडी राजिवड्यास नेणार होता. आठाची पाऊणपट आतां नवाची झाली, तेव्हां पावणेसातास निघावें लागेल, हें मुलांनीं त्यास सांगण्यापूर्वींच तो झोपावयास गेला होता.