सर्शा रोनन : परक्या हेलांतून घराकडे

काही नावे आधी डोळ्यांना चकवतात आणि मग जिभेला. रोमन लिपीत हे नाव प्रथम पाहिले तेव्हा मी ते ‘साओइर्से’ असे वाचले, आणि दुर्दैवाने वर्गात मोठ्याने वाचले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी हसू आवरून फळ्यावर लिहिले, ‘सर्शा’. आयर्लंडमध्येच काही ठिकाणी ‘सीर्शा’ म्हणतात. पण ज्या बाईंचे हे नाव आहे त्या स्वतः ‘सर्शा’ म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू. शब्द आयरिश भाषेतला असून त्याचा अर्थ ‘स्वातंत्र्य’ असा आहे. इंग्रजांच्या अमलाविरुद्ध लढून देश मोकळा झाला, त्यानंतरच्या काळात हा शब्द तिकडे मुलींचे नाव म्हणून रुजला.

आयर्लंडच्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत इंग्रजीच बोलली जाते. मात्र ती इंग्रजी लंडनची नव्हे. तिचा हेल वेगळा, शब्दांची ठेवण वेगळी, आणि त्या हेलाची टिंगलही पिढ्यान् पिढ्या झालेली. सर्शा रोनन या अभिनेत्रीची वाटचाल पाहताना मला सगळ्यांत जास्त कुतूहल याच गोष्टीचे वाटले. जगात नाव मिळवले ते तिने इतरांच्या हेलांत बोलून. स्वतःच्या देशाच्या हेलात मुख्य भूमिका करायला तिला वयाची विशी गाठावी लागली.

तिचा जन्म १२ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स भागात झाला. आईवडील दोघेही मूळचे डब्लिनचे. १९८०च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी फार वाढली, तेव्हा हजारो तरुण अमेरिकेला गेले. त्यांत हे जोडपे होते. वडील बांधकामावर राबत, बारमध्ये काम करीत आणि तिथेच पुढे नाटकाकडे वळले. आई दुसऱ्यांची मुले सांभाळीत असे. प्रारंभी त्यांच्याजवळ तिथे राहण्याचे रीतसर कागदही नव्हते. सर्शा तीन वर्षांची असताना कुटुंब मायदेशी परतले आणि कार्लो परगण्यातल्या आरडॅटिन या खेड्यात राहू लागले. एकुलती एक मुलगी, वडील नट, त्यामुळे चित्रीकरणाची जागा तिला लहानपणापासून परिचयाची होती. आयरिश दूरदर्शनवर ‘द क्लिनिक’ या मालिकेत ती २००३ साली प्रथम दिसली.

२००७ साली ‘अटोनमेंट’ हा चित्रपट आला. इयन मॅकइवन यांच्या कादंबरीवरून जो राइट यांनी तो काढला. शीर्षकाचा अर्थ प्रायश्चित्त. १९३५ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका श्रीमंत वाड्यावर कथा सुरू होते. त्या घरातली तेरा वर्षांची ब्रायनी लेखिका होण्याची स्वप्ने पाहणारी मुलगी आहे. थोरली बहीण सिसिलिया आणि रॉबी यांचे प्रेम तिला अर्धवट दिसते, अर्धवट समजते, आणि एका रात्री घडलेल्या गुन्ह्याचा आळ ती रॉबीवर घेते. तिच्या एका वाक्याने एक माणूस तुरुंगात जातो.

चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण ब्रायनीच्या कल्पनाशक्तीविषयी लिहितात. मला मात्र रॉबी कोण आहे हे विसरता येत नाही. तो त्या घरात घरकाम पाहणाऱ्या बाईचा मुलगा. मालकांच्या पैशाने केंब्रिजला शिकलेला, पुढे डॉक्टरीचे शिक्षण घेऊ पाहणारा. घरच्या मंडळींच्या पंक्तीला तो जेवायला बसतो, पण आळ येताच सगळे घर क्षणात त्याच्याविरुद्ध उभे राहते. ब्रायनीचे बोलणे इतक्या सहजपणे खरे का मानले गेले? ती चांगली बोलते म्हणून, आणि तो मोलकरणीचा मुलगा आहे म्हणून. आपल्या घराण्यात प्रथम कॉलेज पाहिलेल्या कोणाही वाचकाला ते दृश्य बोचल्याशिवाय राहणार नाही.

ही ब्रायनी उभी करताना आयर्लंडच्या खेड्यात वाढलेल्या सर्शाला १९३०च्या दशकातल्या उच्चभ्रू इंग्रजांचे ताठ, कापल्यासारखे उच्चार आणायचे होते. ते तिने असे आणले की पुढे कित्येक प्रेक्षक तिला इंग्रजच समजत. पण उच्चारांहून मोठी गोष्ट तिची चाल आहे. ब्रायनी वाड्यातून सरळ रेषेत, काटकोनात वळत चालते. जणू तिच्या मनात कशाविषयी शंकाच नाही. पार्श्वसंगीतात टंकलेखन यंत्राची टकटक मिसळली आहे आणि तिची पावले त्या तालावर पडतात. या भूमिकेसाठी तेरा वर्षांच्या सर्शाला ऑस्करचे सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. २००८ साली तो पुरस्कार टिल्डा स्विन्टन यांना गेला.

पुढची सात-आठ वर्षे भराभर सांगता येतील. पीटर जॅक्सन यांच्या ‘द लव्हली बोन्स’मध्ये (२००९) ती खून झालेली अमेरिकन मुलगी झाली. ‘हॅना’मध्ये (२०११) फिनलंडच्या बर्फात बापाने मारेकरी म्हणून घडवलेली पोर झाली, हा चित्रपट मला कथेपेक्षा तिच्या डोळ्यांसाठी आवडला. मधले काही चित्रपट साधारणच होते. वेस अँडरसन यांच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) ती एका काल्पनिक देशातली बेकरीत काम करणारी मुलगी आहे. गंमत अशी की या कुठेच नसलेल्या देशात दिग्दर्शकाने तिला स्वतःच्या आयरिश हेलात बोलू दिले. पण ती भूमिका छोटी.

आणि मग २०१५ साली ‘ब्रुकलिन’ आला.

आमच्या विभागाने हा चित्रपट दाखवला तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसले होते, आणि दिवे लागल्यावर डोळे पुसत बसावे लागले म्हणून ती जागा बरीच सोयीची ठरली. कोल्म टोबीन यांच्या २००९ सालच्या कादंबरीवरून जॉन क्रॉली यांनी तो दिग्दर्शित केला आहे. काळ १९५०चे दशक. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी या लहान गावातली एलिश लेसी हुशार आहे, पण रविवारी किराण्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहण्यापलीकडे तिला गावात काम नाही. थोरली बहीण रोझ एका धर्मगुरूच्या मदतीने तिची ब्रुकलिनला जाण्याची व्यवस्था करते. ती स्वतः मात्र आईजवळ मागे राहते.

या कथेमागे मोठा इतिहास आहे. १८४५ पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. ती सवय पुढे सुटली नाही. १९५०च्या दशकात सुमारे चार लाख लोक बाहेर पडले, आणि १९६१ साली त्या देशाची लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस लाख उरली होती. म्हणजे एलिशचे जाणे हे एका मुलीचे धाडस नव्हते. तो तिथला रिवाजच होता. गावोगावी एका ताटाची जागा रिकामी होत होती.

ब्रुकलिनमध्ये एलिश एका मोठ्या दुकानात नोकरीला लागते. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे असते, पण तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही. वरिष्ठ बाई तिला समजावतात की गिऱ्हाइकाशी मैत्रिणीसारखे बोलायला हवे. घरून पत्र येते आणि ती खोलीत एकटी रडते. या भागात सर्शा फार थोडे करते. चेहरा स्थिर ठेवून फक्त ऐकत राहते. आजूबाजूची सगळी बडबड आपल्यासाठी नाही हे जाणणाऱ्या माणसाचे ऐकणे असते ना, तसे. नंतर ती ब्रुकलिन कॉलेजच्या रात्रीच्या वर्गात हिशेबनविशी शिकू लागते आणि हळूहळू तिचा आवाज मोकळा होतो. हेल मात्र एनिस्कॉर्थीचाच राहतो.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाले आणि सभागृह हसले. आमच्या घरी सगळे पानीच म्हणतात. आईने दिलेला तांब्या मी कधी पाण्याचा म्हणून घेतलेला नाही. त्यानंतर काही महिने मी वर्गात बोलणेच सोडले. म्हणून दुकानातली गप्प एलिश मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. चित्रीकरणाच्या सुमाराला सर्शा नुकतीच, एकोणिसाव्या वर्षी, घर सोडून लंडनला एकटी राहू लागली होती आणि घरच्या आठवणीने व्याकूळ होती, हे तिनेच सांगितले आहे. मीही आज एकोणीस वर्षांची आहे.

चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग माझ्या मते नाताळच्या जेवणाचा आहे. धर्मगुरू फ्लड एकाकी आयरिश म्हाताऱ्यांना जेवू घालतात आणि एलिश वाढायला जाते. अंगावर विटलेले कोट, पिकलेले केस. शहरातले बोगदे, पूल, रस्ते यांनीच खोदले आणि बांधले. आता परत जायला गावात कोणी उरलेले नाही. जेवणानंतर त्यांतला एक जण उभा राहून आयरिश भाषेत गाणे म्हणतो. वाद्य नाही, भाषांतराची ओळ नाही. कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि एलिशवर थांबतो. त्या गाण्यातला एक शब्द मला कळला नाही, तरी ते कोणाविषयी आहे हे विचारावेसे वाटले नाही. आणि पडद्यावर ते गाणे ऐकणारी मुलगी ही न्यूयॉर्कमध्ये राबलेल्या अशाच एका आयरिश बांधकाम मजुराची लेक आहे, हे आठवले की प्रसंग दुप्पट जड होतो.

पुढे टोनी नावाचा इटालियन वंशाचा प्लंबर तिच्या आयुष्यात येतो. तिकडे रोझचा अचानक मृत्यू होतो. टोनीशी गुपचूप लग्न करून एलिश गावी परतते, आणि जे गाव तिला काही देत नव्हते ते आता नोकरी, मान, चांगले स्थळ सगळे ओंजळीत घालू लागते. ती जवळजवळ तिथेच राहून जाते. इथे काही वाचकांना एलिशचा राग येईल. टोनीला फसवले असे आमच्या वर्गात अनेकींनी म्हटले. मला तसे वाटत नाही. जेव्हा हवे होते तेव्हा न मिळालेले सुख उशिरा दारात आले तर माणूस थोडा वेळ उंबऱ्यावर थांबतोच. शेवटी दुकानवाल्या मिस केली तिचे गुपित कळल्याचे सुचवून तिला धाक घालतात, तेव्हा एलिश ताठ मानेने आपले लग्नानंतरचे नाव सांगते. एवढा वेळ मवाळ बोलणाऱ्या मुलीचा आवाज त्या एका क्षणी असा खणखणीत लागतो की त्यासाठीच तिला २०१६ साली मुख्य अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले असावे असे मला वाटते. कार्लो आणि वेक्सफर्ड हे शेजारचे परगणे, आणि गावातली बरीचशी दृश्ये प्रत्यक्ष एनिस्कॉर्थीतच चित्रित झाली आहेत.

त्यानंतर ग्रेटा गर्विग यांचा ‘लेडी बर्ड’ (२०१७). यात ती कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातली शाळकरी मुलगी आहे. घरी पैशाची चणचण, वडिलांची नोकरी गेलेली, आई रुग्णालयात जादा पाळ्या करणारी. मुलीला मात्र दूर न्यूयॉर्कच्या कॉलेजात जायचे आहे आणि आईबापांनी ठेवलेले ख्रिस्टीन हे नावही नको आहे; स्वतःच ‘लेडी बर्ड’ असे नाव घेऊन ती सगळ्यांना तसेच हाक मारायला लावते. जुन्या कपड्यांच्या दुकानात मायलेकी कडाकडा भांडत असतात, तेवढ्यात एक सुंदर झगा हाती लागतो आणि दोघी एकदम भांडण विसरतात. हे दृश्य कोणत्याही देशातले असू शकेल. तिच्या चेहऱ्यावरची मुरुमे रंगाखाली झाकलेली नाहीत, हेही मला फार आवडले. या भूमिकेला जानेवारी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला. सर्शाने स्वतः कॉलेज केले नाही, पण कॉलेजसाठी तडफडणारी मुलगी तिच्याइतकी खरी दुसऱ्या कोणी केल्याचे मी पाहिलेले नाही.

२०१९च्या ‘लिटल विमेन’मधली जो मार्च ही भूमिका तिने गर्विग यांच्याकडे स्वतःहून मागून घेतली. त्यासाठी २०२० साली चौथे नामांकन आले, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. चारही वेळा ऑस्कर दुसऱ्यांना गेले. मधल्या काळात ती रंगभूमीवरही उभी राहिली : २०१६ साली न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर ‘द क्रूसिबल’मध्ये आणि २०२१ साली लंडनला लेडी मॅक्बेथ म्हणून. २०२४च्या ‘द आउटरन’मध्ये ती दारूच्या व्यसनातून सुटण्यासाठी स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर परतलेली तरुणी झाली. हेल पुन्हा परका. घरी परतण्याची ओढ मात्र ओळखीची.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन दूरदर्शनवरील कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करण्यासाठी तिला बोलावले होते. इतकी वर्षे तिकडचे लोक तिच्या नावाशी अडखळत आले होते. सुरुवातीच्या मनोगतात तिने त्या रात्री प्रेक्षकांसमोर एक गाणे म्हटले. ‘सर्शा’ हे नाव कसे उच्चारायचे, एवढाच त्या गाण्याचा विषय होता.