संकेतस्थळाचे नियोजन : यंत्रापेक्षा व्यवस्था महत्त्वाची

शासनाचा निर्णय ज्यांच्यासाठी घेतला गेला, त्यांच्यापर्यंत तो वेळेवर व अचूक पोहोचल्याखेरीज पूर्णत्वास जात नाही. राजपत्र, वृत्तपत्रे व पंचायतीचा सूचनाफलक हे कार्य दीर्घकाळ करीत आले आहेत. त्यांच्या जोडीला आता संकेतस्थळ आले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाने तर ठरावीक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे व ती अद्ययावत ठेवण्याचे बंधन प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर घातले आहे.

प्रणाली म्हणजे काय?

१९९१ साली जगातील पहिले संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा प्रत्येक पान संगणकाच्या सांकेतिक भाषेत लिहावे लागे. एखादी तारीख बदलावयाची झाली, तरी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागे. मजकूर व्यवस्थापन प्रणालीने ही अडचण दूर केली. छापील नमुन्यात लिपिक ज्याप्रमाणे केवळ रकाने भरतो, त्याप्रमाणे या प्रणालीत कर्मचारी मजकूर भरतो. पानाची मांडणी प्रणाली करते. देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या अशाच एका सामायिक प्रणालीवर चालतात.

नियोजनाचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, लोकांना काय हवे? पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थांस एक-चौदाचा उतारा, निरनिराळे दाखले, ग्रामसभेची सूचना यांची गरज वारंवार पडते. अधिकाऱ्यांच्या छायाचित्रांपेक्षा या गोष्टी पहिल्या पानावर असणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीस राजभाषेचे स्थान दिले, तसेच शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा दिली. इंग्रजी पानावरील तारीख बदलली आणि मराठी पानावर जुनीच राहिली, तर मराठी वाचणाराच फसतो. म्हणून सर्व भाषांतील पाने परस्परांशी जोडलेली असावीत आणि एकीत बदल होताच दुसरीची आठवण प्रणालीने करून द्यावी.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. मजकूर कोणी लिहावा, कोणी तपासावा व कोणी प्रसिद्ध करावा, हे हुद्द्यानिशी लेखी ठरलेले असावे. व्यक्तीची बदली झाली तरी काम खंडित होता कामा नये.

चौथा प्रश्न मुदतीचा. प्रत्येक सूचनेस समाप्तीची तारीख असावी. ती उलटताच सूचना अभिलेखात जावी.

हे प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतात. परंतु मये येथील स्थलांतरितांच्या मालमत्तेसंबंधी २०१४ साली कायदा झाला, तेव्हा तेथील रहिवाशांच्या दृष्टीने अर्जाचा नमुना व अंतिम तारीख हे शब्द थेट राहत्या घराशी निगडित होते. हरमलहून वा इब्रामपूरहून पेडण्यास आलेल्या मजुराला अपुऱ्या कागदांमुळे परतावे लागले, तर त्याची त्या दिवसाची मजुरीही बुडते.

अंमलबजावणी

आरंभ लहान असावा. एका खात्याची मोजकी पाने प्रथम नव्या प्रणालीवर आणून दोष दूर करावेत, मगच विस्तार करावा. जुना मजकूर जसाच्या तसा न हलविता निवडून घ्यावा. जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, अन्यथा तो शोधूनही सापडत नाही. कागदाची छायाचित्रे चिकटविण्याऐवजी मजकूर लिहावा, म्हणजे दृष्टिहीनांनाही तो वाचक-यंत्राद्वारे ऐकता येईल. मजकुराची प्रत नियमितपणे अन्यत्र जतन करावी. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण एकदाच उरकून न टाकता दर बदलीनंतर व्हावे.

संकेतस्थळाचे उद्घाटन हा कार्याचा शेवट नव्हे, तो प्रारंभ होय. अधिकाऱ्यांनी मजकूर ताजा ठेवावा, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी घरच्या वडीलधाऱ्यांस तो वाचून दाखवावा आणि ग्रामस्थांनी चूक आढळताच पंचायत सचिवांच्या निदर्शनास आणावी. या तिहेरी सहकार्यानेच संकेतस्थळ हा गावाचा विश्वासाचा सूचनाफलक ठरेल.