साहाय्यक साधने आणि वर्गशिक्षक

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य पुरविणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. परंतु साधन मिळाले म्हणजे कार्य पूर्ण झाले, असे समजू नये. आष्टीसारख्या गावच्या शाळेत विशेष शिक्षक रोज उपलब्ध असतोच असे नाही. म्हणून ते साधन मुलाच्या उपयोगी पडेल की पेटीत पडून राहील, हे बहुतांशी वर्गशिक्षकावरच अवलंबून असते.

(१) श्रवणयंत्र : हे यंत्र केवळ शिक्षकांचा आवाज नव्हे, तर सर्वच आवाज वाढविते. पत्र्यावर पडणारा पाऊस व शेजारच्या वर्गातील गलबला मुलाच्या कानी तितक्याच जोराने येतो. यास्तव त्यास पुढे, शिक्षकांचे तोंड दिसेल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. यंत्राची बॅटरी चालू आहे किंवा कसे, हे परिपाठाच्या वेळीच पाहावे. बॅटरी संपलेले यंत्र लावून बसलेले मूल उत्तर देत नाही. मग ते ‘मंद’ ठरते, आणि हळूहळू शाळेस दुरावते.

(२) ब्रेल पाटी : ब्रेल लिपीचे प्रत्येक चिन्ह सहा टिंबांच्या चौकटीत बसते. भारती ब्रेलमध्ये पहिले टिंब म्हणजे ‘अ’, पहिले व दुसरे मिळून ‘ब’, पहिले व चौथे मिळून ‘च’. टोच्याने कागद मागून टोचावयाचा असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे होते. कागद उलटला की वाचन डावीकडून उजवीकडे होते. शिक्षकांनी निदान मुळाक्षरे शिकून घेतल्यास त्या मुलाची वही तपासणारे कोणीतरी वर्गात राहील. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा.

(३) अल्पदृष्टी : भिंग, उतरते मेज व ठळक काळी शाई यांचा चांगला उपयोग होतो. आजच्या मोबाईलमध्ये अक्षर मोठे करण्याची व मजकूर वाचून दाखविण्याची सोय असते. तिचाही लाभ घ्यावा.

(४) हालचालीतील अडचण : चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार असावा. बोटांची पकड कमजोर असल्यास पेन्सिलीस चिंधी गुंडाळून ती जाड करावी. हेही साहाय्यक साधनच होय.

स्वाध्याय : आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचे ऐकणे, पाहणे, चालणे व लिहिणे यांचे एक आठवडा निरीक्षण करावे. शंका आल्यास पालकांस विश्वासात घेऊन तपासणीची व्यवस्था करावी. साधन मिळालेले असल्यास ते रोज वापरात आहे काय, व नसल्यास का नाही, याची नोंद ठेवावी.