लुइझियाना : नदीने घडविलेली भूमी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नकाशात मेक्सिकोच्या आखाताला लागून बुटाच्या आकाराचे एक राज्य दिसते. त्याचे नाव लुइझियाना. या बुटाचा तळवा मात्र सलग रेषेने काढलेला नसतो. तो जागोजागी विरलेला, फाटलेला दिसतो. हा नकाशा काढणाऱ्याच्या हाताचा दोष नव्हे. तेथील भूमीच तशी आहे. आणि ती तशी का झाली हे समजून घेतले म्हणजे या राज्याचा भूगोल, तेथील लोक व त्यांचे उद्योगधंदे या तिन्हींचा परस्परसंबंध ध्यानात येतो.

लुइझियानाचे क्षेत्रफळ सुमारे १,३५,००० चौरस किलोमीटर असून २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४६,५७,७५७ आहे. बॅटन रूज ही राजधानी, तर न्यू ऑर्लिन्स हे सर्वांत मोठे शहर होय. राज्यातील सर्वांत उंच स्थान म्हणजे ड्रिस्किल पर्वत. परंतु त्याची उंची अवघी १६३ मीटर! न्यू ऑर्लिन्सचा बराचसा भाग तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. हवा उष्ण व दमट, पाऊस विपुल. उत्तरेस पाइन वृक्षांची अरण्ये, तर दक्षिणेस सायप्रस वृक्षांच्या दलदली आणि ‘बायू’ नावाचे संथ जलप्रवाह आढळतात.

या प्रदेशाची खरी जननी मिसिसिपी नदी होय. संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीपैकी सुमारे ४१ टक्के प्रदेशाचे पाणी ती वाहून आणते. त्या पाण्याबरोबर आलेला गाळ पुराच्या वेळी काठावर पसरत गेला, आणि गेल्या सुमारे सात हजार वर्षांत त्यापासून दक्षिण लुइझियानाची भूमी निर्माण झाली.

नदीच्या वाटेनेच निरनिराळे लोकही येथे आले. चिटिमाचा, हूमा, कॅडो इत्यादी मूळ रहिवासी येथे पूर्वीपासून होते. १६८२ मध्ये ला साल या फ्रेंच प्रवाशाने या प्रदेशास आपला राजा चौदावा लुई याचे नाव दिले. १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसले. पुढे हा मुलूख स्पेनकडे गेला, पुन्हा फ्रान्सकडे आला, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने तो आसपासच्या अफाट प्रदेशासह दीड कोटी डॉलरांना अमेरिकेस विकून टाकला. १८१२ मध्ये लुइझियाना हे संघराज्याचे अठरावे राज्य झाले. या इतिहासाच्या खुणा आजही दिसतात. इतर राज्यांत दिवाणी कायद्याची परंपरा इंग्रजी आहे, तर येथे फ्रेंच व स्पॅनिश. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता टिकून राहिली, तसाच काहीसा हा प्रकार आहे. जिल्ह्यांना येथे ‘पॅरिश’ म्हणतात. ते एकंदर ६४ आहेत.

इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावून लावलेले फ्रेंच भाषक अकेडियन लोक येथील पाणथळ प्रदेशात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांना ‘केजन’ म्हणतात. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून केवळ इंग्रजी सक्तीची केली, आणि घरची फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. फ्रेंचच्या जोपासनेसाठी राज्याने १९६८ मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापिले. पण तोवर एक पिढी आपली भाषा गमावून बसली होती.

राज्यातील सुमारे एकतृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत. ऊस व कापूस यांचे वैभव त्यांच्या गुलाम पूर्वजांच्या श्रमावर उभे राहिले. गुलामगिरी गेली, तरी भेदभाव गेला नाही. १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय बालिका सरकारी संरक्षकांच्या पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्सच्या एका गोऱ्या मुलांच्या शाळेत गेली. ते संपूर्ण वर्ष तिच्या वर्गात ती एकटीच विद्यार्थिनी होती. कारण इतर पालकांनी आपली मुले तिच्याबरोबर बसू दिली नाहीत. याच शहरातील कृष्णवर्णीयांनी जगाला जाझ संगीत दिले. ‘गंबो’ या तेथील प्रसिद्ध रश्शाचे नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आले आहे.

भात, ऊस, कापूस, कोळंबी व कालवे ही येथील उत्पन्ने. साखरेच्या बाबतीत तर सर्व जग लुइझियानाचे ऋणी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू या कृष्णवर्णीय मातेच्या पुत्राने १८४३ मध्ये एका नव्या बाष्पीभवन यंत्राचे पेटंट घेतले. एका पात्रातील वाफेने पुढच्या पात्रातील रस तापविण्याचे हे तत्त्व आपल्याकडील साखर कारखान्यांतही वापरले जाते. १९०१ मध्ये जेनिंग्जजवळ पहिली तेलविहीर लागली. पुढे तेल व नैसर्गिक वायू हे उत्पन्नाचे मोठे साधन बनले. मार्च २०१८ मध्ये तेथील साबीन पास येथून निघालेला द्रवरूप वायू रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला येऊन पोहोचला.

आता त्या फाटलेल्या तळव्याकडे वळू. १९२७ च्या महापुरानंतर नदीकाठी भक्कम बांध घालण्यात आले. शहरे व शेते सुरक्षित झाली. पण काठावर पसरणारा गाळ बंद झाला. वरच्या प्रदेशातील धरणांनीही गाळ अडविला. तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले व गवताची मुळे कुजली. जमीन आपोआप खचत होतीच. त्यात समुद्राची पातळी वाढली. परिणामी १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली. संपूर्ण गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास या हानीची कल्पना येईल. वादळाचा जोर मोडणारी दलदल नाहीशी होत असतानाच २९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रिना वादळ आले, बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला.

यावर उपाय नाही असे नव्हे. पूरनिवारणासाठी खणलेल्या वॅक्स लेक कालव्याच्या मुखाशी १९७३ च्या पुरानंतर गाळाची नवी भूमी वर आली. तोच मार्ग धरून नदीचे गढूळ पाणी दलदलीत सोडण्याची एक मोठी योजना २०२३ मध्ये सुरू झाली. परंतु वाढता खर्च आणि मत्स्यव्यवसायाची हानी ही कारणे दाखवून २०२५ मध्ये ती रद्द करण्यात आली. गोड्या पाण्याने कालवे मरतील, ही मच्छीमारांची भीती खोटी नव्हती. आणि गाळावाचून त्यांची गावे राहणार नाहीत, हे शास्त्रज्ञांचे म्हणणेही खोटे नव्हते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, लुइझियानाचे क्षेत्रफळ वहीत उतरवून घ्याल तेव्हा त्या आकड्यापुढे वर्षही लिहावयास विसरू नका.